पाठराखिणीची पाठवणी

माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून आत्याने जायचं ठरलं होतं. हल्लीच्या मुलींना पाठराखीण म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगते. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासोबत माहेरचं एक बाईमाणूस जायचं. आत्या, मावशी, नाहीतर पाठची बहीण. ती नवरीच्या शेजारी निजायची, तिला भूक लागली तर कुणाला तरी हळूच सांगायची, रडू आलं तर पाठीवरून हात फिरवायची. पोर जरा रुळली की सासरची माणसं पाठराखिणीची ओटी भरत आणि तिला मानाने माहेरी पोचवत.

आत्या मोठी हौशी. तिने महिनाभर आधी लुगडं धुऊन घडी करून ठेवलं होतं. पण लग्नाच्या पंक्तीत तिने आमरसावर बरक्या फणसाचे गरे खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड होडीत बसायच्या वेळी ती हातात तांब्या घेऊन परसाकडे फेऱ्या घालत होती. दुसरं कुणी तयार नव्हतं. भरतीचं पाणी कुणासाठी थांबत नाही. मला तेरावं सरत आलं होतं, आणि मी एकटीच होडीत चढले.

पहिली मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा. माझं माहेर भाट्याच्या खाडीच्या पलीकडे, जरा आतल्या अंगाला. सासर अलीकडे, रत्नागिरीच्या बाजूला, बंदरापासून हाकेच्या अंतरावर. मधे नुसती खाडी. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, अंगणातून माहेर दिसतं. दिसतं म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. रोज दिसणारं आणि रोज जाता न येणारं माहेर सात कोसांवरच्या माहेरापेक्षा वाईट.

होडी सुटली आणि काठावर गलका झाला. आमची कुत्री पाण्यात उतरली होती. आदल्या पावसाळ्यात ती मला माहेरच्या बंदरावर जाळ्यांच्या ढिगात सापडली होती, मुठीएवढी. जांभ्या दगडासारखा रंग, एक कान उभा, एक मोडलेला. मी तिला माझ्या पानातलं काढून घालायची आणि त्यावरून आईची बोलणी खायची. ती पाण्यात उतरली, पोहू लागली, आणि प्रवाह तिला खाली ओढायला लागला तेव्हा मी नवरीपण विसरून ओरडले. होडीवाले चाचा तेव्हा तरणेबांड होते. त्यांनी एक वल्हं टाकून तिला मानगुटीला धरून वर घेतलं. तिने अंग झाडलं आणि वऱ्हाडाच्या ठेवणीतल्या धोतरांवर खाडी शिंपडली. मग माझ्याकडे आली आणि माझ्या मेंदी लावलेल्या पायावर ओली हनुवटी टेकून बसली.

"आली हो नवरीची पाठराखीण," वरपक्षातले कुणीतरी म्हणाले. सगळी होडी हसली. तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं.

सासूबाई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या पायाशी पाहिलं.

"हे काय?"

"पाठराखीण," ह्यांच्या तोंडून निघून गेलं. हे तेव्हा अठरा वर्षांचे होते, आणि आईसमोर एवढंच काय ते धाडस त्यांनी त्या वर्षी केलं.

"पायरीच्या खाली ठेवा तिला," सासूबाई म्हणाल्या.

तो कायदा पुढे पुष्कळ वर्षं चालला. पडवीला दोन पायऱ्या होत्या. अंगण तिचं, माडांचं आगर तिचं, रहाटाखालची सावली तिची, पडवी सासूबाईंची. ती पहिल्या पायरीशी यायची आणि पुढचे दोन पंजे बरोबर दगडाच्या कडेला लावून बसायची. मी स्वयंपाकघरातून पडवीत आले की शेपूट हलायची, पण पंजा पुढे यायचा नाही. सासूबाई कधीकधी बारकाईने बघायच्या, पंजा चुकतो का. तो चुकला नाही.

रीतीप्रमाणे पाचव्या दिवशी तिला परत पोचवायचं ठरलं. ह्यांनी दोरी बांधून होडीत घातली, पलीकडे माझ्या भावाने उतरवून घेतली. संध्याकाळच्या होडीने ती परत आली. दोरी कुरतडलेली, तोंडावर कुठेही लाज नाही. पुन्हा धाडली, पुन्हा आली. मग सासूबाईंनी हात टेकले. "राहू दे," त्या म्हणाल्या. "नवरी रुळली म्हणजे जाईल आपली आपण."

हे वाक्य त्यांनी गमतीने म्हटलं असेल, पण ते घराला चिकटलं. दर दिवाळीला, दर गौरीला, कुणी पाहुणी आली आणि कुत्रीकडे बोट दाखवलं की सासूबाई म्हणायच्या, "ती होय, आमच्या सूनबाईची पाठराखीण. सूनबाई अजून रुळायच्या आहेत." मी खाली बघून हसल्यासारखं करायची. मनात म्हणायची, जन्मात रुळणार नाही, मग बसा दोघींना पोसत.

माझा स्वभाव मूळचा तापट. माहेरी मी भांडण काढलं की शेजारच्या वाडीला ऐकू जायचं. सासरी आवाजच नव्हता मला. हाक मारायची सोय नाही, उत्तर द्यायची सोय नाही, रडायची तर नाहीच नाही. सासूबाईंचा एक नियम पायरीपेक्षा कडक होता: दिवेलागणीला घरात डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, लक्ष्मी यायची वेळ असते. आणि मला रडू यायचं ते नेमकं त्याच वेळी. पलीकडच्या काठावर एकेक दिवा लागायला लागला की त्यातला आमचा कुठला ते मी शोधायची. मग मी पाण्याचं निमित्त करून आगरात रहाटामागे जायची, पदराचा बोळा तोंडात घालायची आणि रडायची. ती मागोमाग यायची. चाटायची नाही, अंगावर चढायची नाही. पायावर हनुवटी टेकून बसायची, होडीत बसली होती तशीच. माझं आटोपलं की आधी ती उठायची आणि घराकडे चालू लागायची, आता चल, भात लागेल, अशा बेताने. आत्याला एवढं जमलं असतं असं मला वाटत नाही. आत्या स्वतःच रडायला लागली असती.

पहिलं मूल बारशाच्या आधी गेलं. त्या घरात त्याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही. बोलायचं नसतं, अशी समजूत. मी बाळंतिणीच्या खोलीत पडून होते आणि ती खिडकीखाली बाहेरून भिंतीला लागून पडून होती. तिने खाणं सोडलं. एक दिवस खिडकीतून मला दिसलं, सासूबाई स्वतः हातात भाकरी घेऊन अंगणात उतरल्या. त्यांनी ती टाकली नाही, वाकून तिच्यासमोर ठेवली, आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाल्या, "तू तरी खा गो. घरात कुणीतरी जेवायला हवं." मी हे पाहिलं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुढे दोन मुलगे झाले. ते तिच्या अंगाखांद्यावर वाढले. मी बोलायला शिकले, नंतर उलट बोलायलाही शिकले. पण दिवेलागणीला रहाटामागे जायची सवय राहिली. कधी रडायची, कधी नुसती बसायची. पाठराखीण सोबतीला असायचीच.

कुत्र्याचं म्हातारपण आपल्या डोळ्यांदेखत येतं आणि तरी आपल्याला दिसत नाही. मला ते रहाटावरून कळलं. बैल जुंपून रहाट सुरू झाला की त्याच्या पहिल्या कुरकुरीला ती जागची उठून यायची. एका उन्हाळ्यात ती उठली नाही. मला वाटलं आळसावली. मग एकदा मी मागून जाऊन हाक मारली, दोनदा, तीनदा, आणि ती माझ्याकडे पाठ करून तशीच बसून राहिली. मी पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा दचकली आणि मग ओशाळल्यासारखी शेपूट हलवायला लागली. मी तिच्यावर रागावले. खरंच रागावले. म्हटलं, मला न विचारता हे काय आरंभलंस.

कानांमागून डोळे गेले. बुबुळांवर दुधाच्या सायीसारखं आलं. आणि त्याच वर्षी सासूबाईंच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अंगणात आता दोघी भिंतीच्या आधाराने फिरायच्या, ही या टोकाकडून आणि त्या त्या टोकाकडून, आणि तुळशीपाशी एकमेकींना थडकायच्या. पहिल्यांदा सासूबाई संतापल्या. नंतर नंतर म्हणायला लागल्या, "बाजूला हो गो बाई. तुला दिसत नाही, मलाही दिसत नाही. आपल्यातल्या एकीने तरी शहाणं व्हावं." देवरूखचे एक वैद्य रत्नागिरीत कामाला आले की आमच्याकडे उतरायचे. त्यांनी सासूबाईंचे डोळे पाहिले, काढा सांगितला. मी धीर करून म्हटलं, जरा हिलाही बघता का. ते हसले, पण उठून अंगणात गेले. परत येऊन म्हणाले, "दोघींचंही दुखणं एकच आहे, त्याला वय म्हणतात. जपा म्हणजे झालं."

जपलं. उंडीचं तेल कोमट करून मी तिच्या मागच्या पायांना चोळायची. दात गेले म्हणून तिच्यासाठी मऊ भाताची आटवल करायची, तूप घालून. तूप घातलेलं सासूबाईंना वासाने कळायचं. काही म्हणायच्या नाहीत. शेजारच्या काकू मात्र रोज कुंपणावरून म्हणायच्या, "कशाला हाल करतेस? कायतरी घाल आणि सोडव." एक दिवस माझं डोकं फिरलं. त्यांचे सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. मी म्हटलं, "आधी तुमच्याकडे करून बघा काकू, गुण आला तर मला सांगा." त्या सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते बरंच पडलं.

माझी आई गेली ती त्याच सुमाराला, ऐन श्रावणात. निरोप आला तशी मी अंगावरच्या लुगड्यानिशी होडीत बसले. आजवर मी माहेरी जायची तेव्हा ती बरोबर असायची, पण त्या दिवशी खाडी उसळत होती आणि तिचे मागचे पाय धड राहत नव्हते. ह्यांनी तिला गोठ्यात कोंडलं. दिवसकार्य उरकून मी परत आले तेव्हा ती बंदरावर होती. कोंडलेली सोडल्यापासून ती तिथून हललीच नाही, असं चाचा म्हणाले. ते तिला येता-जाता माशाची डोकी घालत होते. मी धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा तिला मी दिसले नाही, ऐकूही आले नाही. वाऱ्याने वास पोचला तेव्हा ती उठली, पडली, पुन्हा उठली. आई गेल्यावर मला सगळ्यांनी जवळ घेतलं होतं, पण माझा खरा बांध तिथे फुटला.

दिवाळीनंतर ती एकाएकी बंदराकडे जायला लागली. दुपारी मी कामात असले की ती अंगणातून निघायची. मागचा भाग फरफटत, भिंतीला, मग कुंपणाला, मग वाटेच्या कडेला अंग घासत, थांबत, पडत, बंदरावर पोचायची आणि पाण्याकडे नाक करून बसायची. कधी चाचा उचलून आणून देत, कधी हे. पायांची नखं झिजून रक्त यायचं. आम्ही फाटकाला अडसर घातला तर ती फाटकाला डोकं टेकून कण्हत बसायची. ते ऐकवत नसे. मी अडसर काढायची.

मला त्याचा अर्थ लगेच लागला. कुठल्याही सासुरवाशिणीला लागला असता. शेवटी शेवटी तिला माहेराची ओढ लागली होती. जिथे जन्मली त्या मातीत तिला जायचं होतं. मी खाडीपलीकडे बघत बसायची तशीच ती बघत बसली होती. फक्त तिला दिसत नव्हतं, एवढंच. मी हे रात्री ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुला वाटतं तसं असेल." ह्यांची ही नेहमीची तऱ्हा. हो पण नाही आणि नाही पण नाही.

सासूबाईंना मात्र पटलं. "मी केव्हाची म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "पाठराखीण परत पोचवायची असते. आपल्याकडून तेवढं राहून गेलंय. म्हणून जीव अडकलाय तिचा."

मी चिडले. "तिला काय कळतंय रीत?"

"तिला नसेल. आपल्याला कळते ना?"

मला ती शांतपणे मरायला हवी होती, तिला हवं तिथे, नखांतून रक्त न येता. पण पाठराखीण परत गेली म्हणजे नवरी सासरी एकटी उरते, हेही त्याच रीतीत आहे. ते कुणी बोलून दाखवत नाही. दोन मुलांची आई होते मी, सव्वीस वर्षांची बाई, आणि मला तेरा वर्षांच्या पोरीसारखी भीती वाटत होती. ही गेल्यावर मी रहाटामागे कुणाबरोबर बसणार?

तिने दोन दिवस पाणीही नीट घेतलं नाही, तेव्हा मी पलीकडे भावाला निरोप धाडला की आम्ही येतो आहोत.

माघ महिना होता. आगराच्या कडेचा आंबा मोहोरला होता. दुपारी भरती लागणार होती. ह्यांनी मोठी टोपली आणली, मी तिच्यात माझं जुनं लुगडं घडी करून घातलं आणि तिला त्यावर निजवलं. वजन असं उरलंच नव्हतं. टोपली अंगणात ठेवली तेवढ्यात सासूबाई भिंत चाचपत पडवीत आल्या. एका हातात सूप होतं. पायऱ्या उतरल्या आणि अंगणात मातीवरच बसल्या.

"कुठे आहे?"

मी त्यांचा हात धरून टोपलीवर ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. हात थोडा घुटमळला, मग डोक्यावरून फिरला, मोडलेला कान सापडला, तिथे थांबला. त्यांनी करंडा उघडून चाचपत तिच्या कपाळावर कुंकू लावलं. ते जरा डोळ्याकडे गेलं. मग सुपातला नारळ, तांदूळ, सुपारी आणि एक हिरवा खण तिच्या पुढच्या पायांपाशी ठेवला. तो खण मी ओळखला. गौरीला त्यांच्या भावाने त्यांना दिलेला होता.

"जा हो," त्या तिला म्हणाल्या. "आमच्या पोरीला सांभाळलंस. चुकलंमाकलं पोटात घाल."

त्या 'आमच्या पोरीला' म्हणाल्या. आजवर त्यांनी मला सूनबाई याखेरीज काही म्हटलं नव्हतं. मी टोपलीचं लुगडं पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. त्यानंतर त्यांनी अंघोळ केली की नाही हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ह्यांनी टोपली बंदरावर नेली. ते यायला निघाले होते, मी नको म्हटलं. मला तिच्यासोबत एकटीनेच जायचं होतं, जशी आले होते तशी. चाचांची दाढी आता पांढरी झाली होती. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि बसायच्या फळीवरचं पाणी पुसून घेतलं.

होडी सुटली. पाणी शांत होतं. भरती आत सरकत होती. मी टोपली पायांशी घेतली होती. काठ सुटल्यावर थोड्या वेळाने तिने मान उचलली, हवेत नाक फिरवलं. मी म्हटलं, "बघ, आलंच हं आपलं घर." तिला ऐकू येत नव्हतं, पण मी सगळं सांगत होते, ते बंदर, ती जाळी, तो फणस. तिचं नाक पलीकडच्या काठाकडे गेलं नाही. ते इकडे तिकडे शोधत खाली आलं, टोपलीच्या कडेवरून घसरलं आणि माझ्या पायापाशी थांबलं. तिने एक मोठा श्वास घेतला. मग माझ्या पावलावर हनुवटी टेकली, पूर्वीसारखी, आणि तिचं सगळं अंग सैल पडलं. कितीतरी दिवसांत ती इतकी निवांत झाली नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला पलीकडे जायचंच नव्हतं. तिला मी दिसत नव्हते, माझा आवाज ऐकू येत नव्हता. मी दुपारभर चुलीपुढे असायची, तिला वाटायचं मी गेले. मी कुठे जाते हे तिला एकच ठाऊक होतं. म्हणून ती रक्ताळल्या पायांनी बंदरावर येऊन बसायची, श्रावणात बसली होती तशी, माझी होडी कधी येते म्हणून. मी वीस पावलांवर भाकरी थापत होते, आणि ती मला खाडीवर शोधत होती. माहेराची ओढ माझी होती. ती मी तिच्या गळ्यात बांधली होती.

मी वाकून तिचं नाक माझ्या तळहातात घेतलं. "इथेच आहे गो मी," म्हटलं. "कुठे गेले नव्हते." तिची शेपूट टोपलीवर एकदा हलल्यासारखी वाटली. हलली असावी. माझ्या पावलावर तिचा श्वास लागत होता, गरम, मग उशिराने, मग आणखी उशिराने. मी पुढच्याची वाट बघत राहिले. तो आला नाही.

चाचांनी वल्ही थांबवली. होडी खाडीच्या मधोमध होती आणि भरतीबरोबर हळूहळू आत सरकत होती. त्यांनी डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "बाय, फुडं नेऊ, का मागारी फिरवू?"

मी पलीकडे पाहिलं. माहेरचं बंदर, त्यावर कुणीतरी उभं होतं, बहुधा भाऊ. आई तिथे नव्हती. मग इकडे पाहिलं. आमच्या आगराचे माड, त्याखाली घराचं कौल, धक्क्यावर हे. ते घरी गेलेच नव्हते. वीत-दीड वीत दिसणारं माणूस, पण उभं राहण्याच्या ढबीवरून मी ओळखलं. तेरा वर्षं मी इकडून तिकडे बघत आले होते. येता-जाता पाण्यातून इकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"मागं फिरवा, चाचा," मी म्हटलं. "घरी जाऊ."

भरतीविरुद्ध वल्हवायला त्यांना फार कष्ट पडले. ते एकदाही तसं म्हणाले नाहीत.

ह्यांनी होडी वळताना पाहिली होती, त्यामुळे मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी टोपली उचलली. सासूबाई अंगणात होत्या. पावलं ओळखून म्हणाल्या, "परत कशा आलात?"

"गेली," मी म्हटलं. "मधेच."

ह्यांनी सवयीने टोपली पायरीच्या खाली ठेवली. "खाली कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "वर घे. पडवीत ठेव. घरातलं माणूस आहे."

खड्डा आगरात घेतला. ह्यांनी आधी रहाटाजवळची जागा धरली होती, पण सासूबाई माडांना हात लावत तिथवर आल्या आणि म्हणाल्या, "इथे नको, शिंपण्याचं पाणी साचतं. आंब्याच्या मुळाशी घे, कोरडं आहे." मी ओटी बाजूला काढायला लागले, तर म्हणाल्या, "दिलेली ओटी परत घेत नाहीत. तिच्याबरोबर जाऊ दे." नारळ, तांदूळ, खण, सगळं तिच्या पायांशी ठेवलं. मुलांनी मोहोर आणून टाकला. माती लोटली. मी तोवर रडले नव्हते. काम होतं ना समोर.

हातपाय धुऊन घरात आले तोवर सूर्य बुडाला होता. पलीकडच्या काठावर दिवे लागायला सुरुवात झाली होती. सासूबाई देवापाशी वात लावत होत्या. मी पदर तोंडात धरला, पाण्याची कळशी उचलली आणि अंगणातून आगराकडे निघाले, रहाटामागे, इतकी वर्षं जात होते तशी.

"सूनबाई," मागून हाक आली. सासूबाई पडवीच्या कडेला उभ्या होत्या, पायरी चाचपत. "तिकडे कुठे जातेस गो? आता तिथे कोण आहे?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "इथे बस. इथे रड."

मी कळशी खाली ठेवली आणि परत आले. पहिल्या पायरीवर, जिथे ती पंजे टेकायची तिथे बसले, आणि मोठ्याने रडले. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या, उभ्या राहिल्या. दिवेलागणीचीच वेळ होती. घरात कुणी मला गप्प केलं नाही.